ईमेलचं तिकीट

सकाळी चहाचा दुसरा कप संपला की वेणीमाधव मुलाला ईमेल लिहायला बसत. मुलगा विहंग जर्मनीत, श्टुटगार्टला. ईमेल मराठीत असे आणि वर रीतसर विषय असे. 'विषय: गंगापूर धरणातील साठा व तुझ्या आईचा गुडघा.' त्याखाली संदर्भ: 'तुझा रविवारचा फोन.' मग 'चि. विहंग यास अनेक आशीर्वाद' आणि मग मजकूर, परिच्छेदांना क्रमांक घालून. 'महोदय' तेवढा त्यांनी गाळला होता. घरगुतीपणासाठी त्यांनी घेतलेली ही एकमेव सवलत.

व्हॉट्सअॅपवर का पाठवत नाही, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "तिथे माणसं बोलतात. लिहीत नाहीत."

धरणाचा आकडा रोज असे, कारण विहंग शाळेत असताना दोघं स्कूटरवरून गंगापूरचे दरवाजे उघडलेले बघायला जात. विहंग मागे बसून बापाच्या शर्टाला धरून ठेवी आणि रस्ताभर प्रश्न विचारी. आकडा लिहिला की मागची सीट रिकामी नाही असं वेणीमाधवांना वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मेलमध्येही लिहिलं नव्हतं. त्याला विषय काय द्यायचा, हा प्रश्न होता.

वेणीमाधवांचं घराणं मूळचं पंचवटीतलं. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी सांगणं हा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. स्वतः त्यांनी मात्र जन्मात एकही विधी सांगितला नाही. ते नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागले. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. प्रेस म्हणजे जिथे सरकारची किमती कागदपत्रं छापतात ती, पोस्टाची तिकिटं छापतात ती. मुलगी बघायला आलेले लोक एके काळी आधी विचारत, घरात कुणी प्रेसमध्ये आहे का, आणि मग चहाला हात लावत. वेणीमाधव तिथे तिकिटांच्या शीट तपासत. डोळ्याला भिंग लावून, एकेक तिकीट. कुठे रंग सरकलाय, कुठे कडेची भोकं चुकलीत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, थोडं घराण्यामुळे आणि थोडं सारख्या चुका काढण्यामुळे.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी विहंगचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. गुडघा झाला, हवा झाली. मग विहंग म्हणाला, "बाबा, ते ऐकलंत का तुम्ही? सरकार ईमेलला पैसे लावणार आहे म्हणे."

"कुठलं सरकार?"

"आपलं. भारत सरकार."

"कुठल्या ईमेलला?"

"सगळ्याच. परदेशी जाणाऱ्याला जास्त." विहंगने कॅमेऱ्याच्या जरा बाजूला पाहिलं. "म्हणून म्हटलं, रोज रोज कशाला? महिन्याचा मिळून एक पाठवा ना, मोठा. मीही निवांत वाचीन."

त्याच्या मागे भांड्यांच्या मशीनमध्ये भांडी लावणाऱ्या स्वरदाला, म्हणजे सुनेला, एकदम खोकला आला. इकडे विहंगची आई, मालिनीबाई, कुकर बघायला म्हणून उठल्या. कुकर लावलेला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं.

पण वेणीमाधव वेगळ्याच विचारात होते. त्यांना राग आला नव्हता. खरं तर बातमी त्यांना पटली. पत्र म्हटलं की तिकीट आलं. इतकी वर्षं अख्खं जग बिनतिकिटाची पत्रं पाठवतंय आणि त्याला कुणी हटकत नाही, हे त्यांना पहिल्यापासून थोडं बेकायदेशीर वाटत आलं होतं. उशिरा का होईना, कुणाच्या तरी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी जेलरोडच्या बागेतल्या बाकावर त्यांनी ही बातमी गोरक्षला सांगितली. गोरक्ष निफाडकडचा, प्रेसमध्ये छपाईच्या मशीनवर होता, निवृत्तही गुरुजींच्या मागोमागच झाला. त्याने ऐकलं, तंबाखूची डबी उघडता उघडता बंद केली आणि विचारलं, "पैशे लावणार म्हंजे तिकीट आलं का नाय?"

"आलंच की."

"अन् तिकीट आलं म्हंजे छापणार कुठं?"

बाकावर बसलेले बाकीचे तिघेही बोलायचे थांबले.

लोक पत्रं पाठवीनासे झाले तेव्हापासून तिकिटांचं काम किती आणि कसं कमी होत गेलं, हे त्या बाकाइतकं देशात कुणालाच माहीत नव्हतं. आणि ज्या ईमेलने ते काम खाल्लं तोच आता तिकीट मागत परत येणार होता. गोरक्षचा मुलगा सुनील अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे राबत होता आणि प्रेसच्या भरतीची जाहिरात केव्हा निघते याकडे डोळे लावून होता. देशात इतरत्र ही बातमी ऐकून लोकांनी सरकारला शिव्या घातल्या असत्या. जेलरोडला पेढ्यांची भाषा सुरू झाली.

सोसायटीच्या तळमजल्यावर कॉम्प्युटरचे क्लास घेणारी तृप्ती संध्याकाळी दोघांना जिन्यात भेटली तेव्हा तिने विचारलं, "पण काका, हे तिकीट चिकटवायचं कुठे? स्क्रीनवर?"

"ते खातं ठरवील," वेणीमाधव म्हणाले. "आंतरदेशीय पत्र निघालं तेव्हाही लोक विचारत होते, याचं पाकीट कुठाय."

"आन् आपलं काम छापायचं," गोरक्ष म्हणाला. "चिकटवायचं ज्याचं त्यानं बघावं."

तृप्तीने विषय तिथेच सोडला. तिच्या क्लासला दोघांच्याही नात्यातली मुलं येत होती.

बुधवारी वेणीमाधवांनी विहंगला मुद्दाम फोन केला. म्हणाले, "मी विचार केला. मेल रोजच पाठवणार. काय पडतील ते पैसे मी भरीन."

"बाबा, अहो कशाला पण?"

"मी पान खात नाही, हॉटेलात जात नाही. पेन्शनचं करायचं काय मग?"

"तसं नाही बाबा…"

"झालं तर मग. आज साठा त्र्याण्णव टक्के आहे. सविस्तर मेलमध्ये लिहिलंय."

फोन ठेवला तेव्हा मालिनीबाई दारात उभ्या होत्या. "भरणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"का? नको भरू?"

"मी कुठे काय म्हणाले," म्हणून त्या आत गेल्या.

शुक्रवारी विहंगचा फोन आला. तो आपणहून शुक्रवारी फोन करत नसे. म्हणाला, आता नवीनच कळलंय, पाठवणाऱ्याला तर पडणारच, पण घेणाऱ्यालाही पडणार. प्रत्येक मेलमागे. आणि तिकडे म्हणजे युरोमध्ये.

वेणीमाधवांना जुनी गोष्ट आठवली. त्यांच्या लहानपणी पंचवटीतल्या घरी एका काकांची पत्रं येत, तिकीट न लावलेली. पोस्टमन दारात उभा राहून दुप्पट पैसे मागे आणि आई डब्यातून काढून देई. ते काका गेले तेव्हाही घरात आधी त्या पत्रांचा विषय निघाला होता, रडणं नंतर. दुसऱ्याच्या खिशातून आपलं पत्र पाठवणारा माणूस, ही घराण्यातली सगळ्यात खालची पायरी होती.

"बरं," ते म्हणाले. "मग नको."

त्या दिवसाचा मेल लिहून झाला होता. तो त्यांनी पाठवला नाही. दुसऱ्या दिवशीचाही नाही. लिहीत मात्र राहिले, कारण चहाचा दुसरा कप संपल्यावर दुसरं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मेल मसुद्यांत पडू लागले. दर नक्की झाले की, कुणी सांगावं, घेणाऱ्याचे पैसेही इथूनच भरायची काही सोय निघेल. रविवारच्या कॉलवर विहंग आता मोकळा दिसे. पूर्वीपेक्षा जास्त हसे. वेणीमाधवांना वाटलं, ऑफिसात काहीतरी चांगलं झालं असेल.

बातमीला मात्र पाय फुटले होते. प्रेसच्या निवृत्तांच्या ग्रुपवरून ती पिठाच्या गिरणीत गेली, तिथून बिटको चौकापर्यंत. देवळाली कॅम्पातून उलट निरोप आला की फौजेला सूट आहे. मालेगावहून कुणाच्या तरी साडूने मेसेज पाठवला, त्यात किलोबाइटप्रमाणे दर होते आणि खाली 'विश्वसनीय सूत्र, नाशिकरोड' असं होतं. वेणीमाधवांनी तो वाचून समाधानाने मान डोलावली. आपल्या बातमीला दुसरीकडून दुजोरा मिळाला, असं त्यांना वाटलं.

शेवटी निवृत्त कर्मचाऱ्यांनी सभा घ्यायचं ठरवलं. विरोध करायला नव्हे. ईमेल शुल्काचं स्वागत करायचं, आणि तिकिटं छापायचं काम दुसऱ्या कुठल्या गावाला न देता नाशिकरोडलाच द्यावं, असं निवेदन पाठवायचं. मसुदा अर्थात गुरुजींनी करायचा.

सभा सोसायटीच्या हॉलमध्ये भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत. सुनीलही कामावर खाडा करून आला होता आणि मागे भिंतीला टेकून उभा होता. बायका चहाचं बघत होत्या, त्यात मालिनीबाई होत्या. वेणीमाधवांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली. "विषय: ईमेल तिकिटांच्या छपाईचे काम नाशिकरोड येथेच मिळणेबाबत. संदर्भ…" आणि ते थांबले.

"काय झालं?" गोरक्षने विचारलं.

"संदर्भ रिकामा आहे."

"मंग लिवा. सर्वांना माहीत आसल्याप्रमाणं."

"त्याला संदर्भ म्हणत नाहीत, गोरक्ष. आदेश कुठला, परिपत्रक कुठलं, निदान पेपरातलं कात्रण. काहीतरी हवं. कुणी कुठे वाचलंय हे?"

मग चौकशी सुरू झाली. गिरणीवाल्याने बागेतल्या बाकावरच्या सोमनाथकडून ऐकलं होतं. सोमनाथने गोरक्षकडून. मालेगावच्या साडूला बिटकोवरच्या मिसळवाल्याने सांगितलं होतं, आणि मिसळवाला म्हणे गोरक्षच्याच शेजारी राहतो. गोरक्षने गुरुजींकडे बोट केलं. सगळ्या वाटा फिरून त्याच एका बाकावर येत होत्या. विश्वसनीय सूत्र नाशिकरोड म्हणजे आपणच, हे वेणीमाधवांच्या तेव्हा लक्षात आलं.

दारात उभी असलेली तृप्ती म्हणाली, "काका, मी शोधलं होतं नेटवर. कुठेच काही नाही. ही अफवा माझ्या जन्माआधीची आहे म्हणतात. कधी अमेरिकेत निघते, कधी कॅनडात. देश बदलत फिरत असते."

"फिरत फिरत इथं आली ना आता?" गोरक्ष म्हणाला. "मंग ऱ्हाऊ दे हितंच. लय फिरली."

लोक हसले. वेणीमाधव हसले नाहीत. "आमच्या विहंगने वाचलंय," ते म्हणाले. "त्याला विचारतो. एका मिनिटाचं काम." त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"विहंग, मी सभेतून बोलतोय. ते ईमेल शुल्काचं तू कुठे वाचलंस, तेवढं सांग. संदर्भात घालायचंय."

"सभा? कसली सभा?"

"निवेदन देतोय आम्ही. स्वागताचं."

"स्वागताचं?"

गोरक्ष टेबलावर वाकला. "बाळा, मी गोरक्षकाका. आपल्या सुनीलच्या कामाचं हाय रे. नीट सांग, कुठल्या पेपरात आलं."

पलीकडे ट्रामची घंटा वाजली. कुणीतरी जर्मनमध्ये काहीतरी विचारलं आणि विहंगने त्याला उत्तर दिलं नाही.

"बाबा, मी घरी गेल्यावर करू का फोन?"

"नंतर नको. आज जायचंय हे."

"बाबा…" विहंग म्हणाला. "आईला विचारा ना."

हॉलमधली सगळी डोकी चहाच्या बाजूला वळली. मालिनीबाईंच्या हातात कपांचा ट्रे होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. ट्रे हातात आहे तोवर आपण इथे फक्त चहा द्यायला आलोय, असं काहीसं त्यांना वाटत असावं.

वेणीमाधवांनी त्यांच्याकडे पाहिलं. भिंग लावून बघत तसं पाहिलं, पण भिंगाची गरज नव्हती.

"बरं, ठेवतो," ते फोनला म्हणाले आणि मग सभेला म्हणाले, "बातमी खोटी आहे. आमच्या घरातून निघाली आहे."



"घरातून म्हंजे?" गोरक्षने विचारलं.

"म्हणजे घरगुती कारणासाठी. तिकिटाचा काही संबंध नाही."

गोरक्षने मागे भिंतीकडे पाहिलं. सुनील तिथे नव्हता. बाहेर त्याच्या मोटारसायकलला किक बसत नव्हती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"गुरुजी," गोरक्ष हळू म्हणाला, "पोरानं काल ठेकेदाराला सांगून टाकलं. दिवाळीनंतर येत नाय म्हून."

"अरे, पण इतक्यात कशाला सांगायचं?"

"तुमी सांगितलं ना. मला वाटलं, गुरुजी सांगतात म्हंजे तपासलेलं आसंल. सगळी नोकरी तपासण्यात गेली की तुमची." तो उठला. "घरच्या माणसाचं तपासायचं ऱ्हाऊन गेलं."

चहा गार झाला होता. पण केलेला होता म्हणून सगळ्यांनी घेतला.

घरी आल्यावर वेणीमाधव खुर्चीत बसले. मालिनीबाई समोर पलंगावर बसल्या, दुखणारा पाय लांब करून. बराच वेळ कुणी पंखाही लावला नाही.

"तो वाचत नव्हता," शेवटी मालिनीबाईच म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"स्वरदाने. तुमचा मेल आला की आपोआप एका कप्प्यात जाऊन पडतो. त्याला दिसतसुद्धा नाही. तशी काहीतरी सोय असते म्हणे."

"कप्पा."

"नाव पण दिलंय त्याला."

"काय?"

"जाऊ द्या ना."

"काय नाव दिलंय?"

"धरण," मालिनीबाई म्हणाल्या.

वेणीमाधवांनी चष्मा काढला. पुसायचा होता, पण तो हातातच राहिला. "रविवारी तर म्हणायचा, वाचला बाबा, छान होता. गुडघ्याचं विचारायचा, सोसायटीच्या टाकीचं विचारायचा. टाकीचं त्याला कुठून कळणार न वाचता?"

"मी कळवत होते. तुम्ही लिहून अंघोळीला गेलात की मी वाचायची आणि शनिवारी त्याला दोन ओळी पाठवायची. बाबांनी या आठवड्यात काय काय लिहिलंय ते. तेवढं तो बोलायचा."

"म्हणजे वाचणारी तू एकटी."

"हो. आणि माझ्या गुडघ्यावर जरा जास्तच लिहिता तुम्ही."

एरवी ते हसले असते. मालिनीबाईंनाही तसंच वाटलं होतं, म्हणून त्या थांबल्या, आणि मग त्यांनी नजर खाली घेतली.

"तो तोंडावर सांगणार होता तुम्हाला. बाबा, बंद करा आता, वेळ नसतो म्हणून. मी म्हटलं, असं नको बोलू, लागेल त्यांना. पैसे पडतात म्हण. पैशाचं निघालं की आपोआप थांबतील. तर तुम्ही भरतो म्हणालात."

"मग घेणाऱ्यालाही पडणार, हे?"

मालिनीबाईंनी पायावरचं पातळ सारखं केलं.

"हे त्याने काढलं?"

"त्याला कुठलं सुचतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या काकांची पत्रं. तुम्हीच सांगितलं होतंत मला. लग्न झालं त्या वर्षी, पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर बसून."

वेणीमाधवांना ते आठवत होतं. त्या दिवशी ते बरंच बोलले होते. एरवी कुणाशी न बोललेलं सगळं.

विहंगने जे केलं ते कुणाच्याही मुलाने केलं असतं. मुलं बापाची पत्रं वाचत नाहीत, हे त्यांना प्रेसमध्ये असतानाही माहीत होतं. तरी तिकिटं खपतच होती. पण आपलं पत्र दुसऱ्याच्या खिशाला लागलेलं या माणसाला चालत नाही, तिथे तो हात मागे घेईल, हे जगात एकाच व्यक्तीला माहीत होतं. आणि तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. काम चोख झालं होतं. आठवडाभर शोधूनही त्यांना त्यात चूक सापडली नसती.

"तुमच्या भल्यासाठीच केलं," मालिनीबाई म्हणाल्या.

"हो. दोघांनी मिळून केलंत."

"असं बोलू नका."

"बोलत नाही," वेणीमाधव म्हणाले, आणि खरंच बोलले नाहीत.

निवेदन गेलं. वेणीमाधवांनी सही केली नाही, पण मसुदा चांगला झाला होता, तो वाया कशाला घालवायचा, असं बाकीच्यांचं मत पडलं. संदर्भाच्या जागी एक आडवी रेघ मारली. बागेत गोरक्ष आता पलीकडच्या बाकावर बसू लागला, नळाजवळच्या. सुनील ठेकेदाराकडे शब्द मागे घ्यायला गेला, तेव्हा त्याच्या जागी निफाडकडचाच एक मुलगा उभा होता. वेणीमाधव एकदा गोरक्षच्या घरी जाऊन आले. गोरक्षच्या बायकोने पाणी दिलं. गोरक्ष आत होता, आतच राहिला.

विहंगचा ईमेल आला. मराठीत, लांबलचक. वर विषय होता, 'क्षमा मागण्याबाबत', आणि खाली संदर्भही होता. त्याने परिच्छेदांना क्रमांक घातले होते. ते सगळं फोनच्या पडद्यावर दिसलं, तेवढंच वेणीमाधवांनी पाहिलं. मेल उघडला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला, तिसऱ्या दिवशीही. मसुद्यांत साठलेले आपले सगळे मेल त्यांनी एकेक करून पुसून टाकले आणि लॅपटॉप काखेत मारून ते तळमजल्यावर तृप्तीच्या क्लासमध्ये गेले.

"तो कप्पा कसा करतात?" त्यांनी विचारलं. "मेल आला की आपोआप त्यात पडतो, आपल्याला दिसत नाही."

"सोपंय काका. कुणाचे टाकायचेत? जाहिरातींचे?"

"तू दाखव फक्त. पत्ता मी घालतो."

तृप्तीने दाखवलं. शेवटी स्क्रीनवर कप्प्याचं नाव विचारलं गेलं तेव्हा तिने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. वेणीमाधवांनी एका बोटाने सावकाश टाइप केलं: खराब शीट.

तिला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. प्रेसमध्ये चुकलेली शीट फेकून देत नसत. ती मोजून, कुलपात ठेवत. टाकायची नाही आणि बाहेरही जाऊ द्यायची नाही. पुढे केव्हातरी, साक्षीदारांसमोर, तिची विल्हेवाट लागे.

दिवाळीनंतरच्या रविवारी कॉल लागला. स्वरदाने कंदील दाखवला. मालिनीबाईंनी चकल्या पोचल्या का विचारलं. विहंग बोलता बोलता दोनदा थांबला आणि मग म्हणाला, "बाबा, गंगापूर किती भरलंय?"

"पेपरात येतं ते," वेणीमाधव म्हणाले. "नेटवर दिसत असेल तुला."

"हो, दिसतं." तो कॅमेऱ्यात नीट बघत होता. बाजूला नव्हता बघत. "माझे मेल मिळतात ना?"

"मिळतात की."

"वाचता?"

"वाचले," वेणीमाधव म्हणाले. "छान होते."

विहंगचा चेहरा सैल झाला. तो हसला आणि स्वरदाकडे वळून काहीतरी म्हणाला. मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या. "कुकर बघते जरा," म्हणाल्या.

"बस," वेणीमाधव म्हणाले. "कुकर लावलेला नाही."